भिंतीने धरलेली फणी

दादा,

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ते पाळायचं ठरवलं तर तुझ्याबद्दल मला तोंडच उघडता येणार नाही. इतके दिवस मी सुतकात कोपऱ्यात बसून लोकांचं ऐकलं. तुझ्या कचेरीतले आले. याच लोकांनी तुला 'मातीखाऊ' असं नाव ठेवलं होतं. आता म्हणाले, असा शांत माणूस होणे नाही. शांत! एकानं तर 'बहिणीवर फार माया होती हो' असंही ठोकून दिलं. तेव्हा मी पदर तोंडाला लावला. त्यांना वाटलं, मला रडू आलं.

रडायला मला सवड नव्हती. करमाळ्याकडून काका आलेत. तुझं सगळं क्रियाकर्म त्यांनीच केलं, त्यात काही कमी नाही. पण पहिल्या दिवसापासून ते मागच्या खोलीच्या भिंतीकडे बघतात आणि मान हलवतात. "पोरी, हे घर ह्यो पावसाळा काढत न्हाय बघ. तेरावा झाला की चल माझ्यासंगं गावाकडं. भाकरतुकडा मिळंल की तुला तितं." काका मनानं वाईट नाहीत. पण गावाकडे गेले म्हणजे काय होईल ते तुलाही माहीत होतं. माझी शाळेतली शिकवायची नोकरी सुटेल. नवऱ्यानं टाकलेली पुतणी म्हणून चुलीपुढे बसवतील आणि लग्नाकार्यात पुढे येऊ देणार नाहीत. इथे शहरात एकट्या बाईला खोलीही कुणी देत नाही. म्हणजे हे घर उभं राहिलं तर मी राहणार, पडलं तर मी गेले. आणि घर कुणी बांधलं? तू.

आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल, पांढरी राहायला आणि काळी पेरायला. गाव वसतं ते पांढऱ्या मातीवर. काळीत कुणी घर बांधत नाही, कारण काळी उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि तिच्यावर उभं केलेलं सगळं तिच्याबरोबर खालीवर होतं. हे एवढं शिकायला तू पुण्याला गेलास. ओव्हरसियर होऊन आलास, सोलापुरात पाये तपासायची नोकरी धरलीस, आणि मग गावाबाहेर भर काळीत जागा घेऊन घर काढलंस. मुरूम फार खोल होता. तिथपर्यंत जायचं तर घरापेक्षा पायाच मोठा झाला असता. म्हणून वरवर खणून वाळूमुरमाची गादी घातलीस आणि तिच्यावर दगडी जोतं चढवलंस. कुणी हसलं की म्हणायचास, "शहर वाढणार आहे. पांढरी पुरायची नाही. काळीवर घर कसं उभं राहतं ते मला दाखवायचंय." दाखवायचं होतं शहराला आणि राहायचं होतं मला.

तुझं ते मातीचं शास्त्र! कचेरीत तुला कुणी उभं करत नव्हतं. साहेब म्हणायचा, माती ती माती, तिचं काय शास्त्र? मग ते सगळं शास्त्र माझ्या स्वयंपाकघरात आलं. काचेच्या बरण्यांतून लोणची काढून तू त्यांत माती आणि पाणी घुसळून ठेवलंस. माझ्या तव्यावर माती भाजलीस. परदेशात ओल्या मातीची बारीक वळी करतात आणि ती सुकता सुकता कुठे तुटते त्यावरून मातीची जात ओळखतात, असं तुला कुठल्याशा मासिकात वाचायला मिळालं. तुझ्या बोटांना ते जमेना. तुझी वळी जाडजूड व्हायची, लहान पोरानं केलेल्या नागासारखी. मग पोळपाट माझ्यापुढे सरकवलास. "शेवया वळतेस ना? वळ."

मी वळली. गाडाभर माती वळली असेल मी आयुष्यात. हात किती चोळून धुतले तरी कणकेला काळपट छटा यायचीच. मी म्हटलं, "दादा, सगळ्या तालुक्याची माती तुझ्या पोटात गेली." तू मान वर न करता म्हणालास, "तुझ्या हातच्या आमटीपेक्षा बरी लागते." हा तुझा शांत स्वभाव.

आपण दोघं असेच. शेजारची मल्लम्मा, जिच्या मागावर दिवसभर खटखट चालते, ती सुरुवातीला धावत यायची. तिला वाटायचं, इथे कुणीतरी कुणाचा तरी जीव घेतंय. नंतर तिला कळलं की हे यांचं बोलणं आहे. तू मला म्हणालास, नवऱ्यानं टाकली ती जिभेपायी. मी तुला म्हणाले, वहिनी तापानं गेली असं लोकांना सांगतोस, खरं तर ती सुटली. त्या दिवशी तू जेवला नाहीस. मीही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळपाटावर मातीचा गोळा ठेवलेला होता, म्हणजे समेट झाला.

भिंतीत ती फट पडली पहिल्याच पावसाळ्यानंतर. माझ्या खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, खिडकीपासून खाली जोत्यापर्यंत, केसासारखी. तू तिच्यापुढे असा उकिडवा बसलास की जणू पोटचं पोर आजारी पडलंय. तिच्यावर काचेची पट्टी चिकटवलीस. भिंत हलली तर पट्टी तडकते, असं मला समजावलंस. मग उठून बाहेर गेलास आणि माझ्या मोगऱ्यापाशी उभा राहिलास.

मोगरा त्याच कोपऱ्याला होता, भिंतीला लागून. या घरात माझं म्हणून तेवढंच होतं. सकाळ-संध्याकाळ मी त्याला तांब्याभर पाणी घालायची. आंघोळीनंतर डोक्यावरून पदर घेऊन घालायची. टाकलेल्या बाईनं फुलं वाढवावीत पण माळू नयेत, अशी माझी स्थिती. शाळेतल्या मुलींना द्यायची ओंजळभर.

"हे पाणी पायाखाली जातंय," तू म्हणालास. "माती पाणी पिते आणि फुगते. पाणी तोडलं की माती मेल्यासारखी पडून राहते. उद्यापासून इथे एक थेंबही नको."

मी म्हटलं, "तुझ्या पायात दम नाही म्हणून माझ्या फुलांवर येतोस?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा मोगरा मुळासकट काढून कुंपणाबाहेर टाकलेला होता. कळ्या अजून ताठ होत्या. त्या जागी मुरूम ठोकून घट्ट केला होतास, पन्हळीचं पाणी लांब नेऊन सोडलं होतंस, आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघत होतास की आता आभार मान. मी आत गेले. त्यानंतर कितीतरी दिवस तुझ्या आमटीत मीठ पडलं नाही, आणि तूही ते मागितलं नाहीस. बोलायचं असलं तर मल्लम्माला मध्ये घालायचो. "अक्का, अण्णा विचारतात छत्री कुठाय." "त्यांना सांग, मोगऱ्याबरोबर फेकली." ती बिचारी कपाळाला हात लावायची.

पण फट थांबली नाही, दादा. वाढलीच. पावसाळ्यात जराशी मिटायची, तेव्हा तू म्हणायचास, "बघ, कोरडं ठेवल्याचा गुण." उन्हाळ्यात दुप्पट उघडायची, तेव्हा माझ्याकडे संशयानं बघायचास. "कुठे पाणी सांडलंस?" एकेक काचेची पट्टी तडकत गेली आणि तू तिच्याशेजारी नवी लावत गेलास. मी त्या फटीत माझी फणी ठेवायला लागले. लाकडी फणी, आईची. घरात कोनाडे कमी होते, ते माझ्या ओव्हरसियर भावानं मागाहून करून दिले, असं आल्यागेल्याला सांगायची. तुझ्या तोंडावर सांगायची. तुझा चेहरा पडायचा आणि मला जेवण गोड लागायचं. रोज सकाळी फणी काढायची, केस विंचरायचे, परत तिथेच खोचायची. काढताना ती भिंतीला नुसती टेकलेली असायची, बोटाच्या टोकानं उचलली तरी यायची.

आता उपकारांचं बोलते, नाहीतर तू म्हणशील, ही नेहमीसारखी अर्धंच सांगते. सासरी तू मला न्यायला आलास तो दिवस. पाच वर्षांत पहिल्यांदा आलेला. दारात उभा राहिलास, माझ्या हातावरचे डाग बघितलेस, आणि आत न येता म्हणालास, "पेटी भर." सासूबाई काहीतरी बोलायला लागल्या. तू त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. तेवढंच दोन शब्दांचं तुझं भाषण. गाडीत मला वाटलं, आता विचारशील, काय झालं, कसं झालं. तू खिडकीबाहेर बोट दाखवलंस. रुळासाठी टेकडी कापली होती, तिच्यात मातीचे थर दिसत होते. कुठली माती कशी आली, कुठली घसरेल, कुठली उभी राहील, हे तू सोलापूर येईपर्यंत सांगत होतास. मला एक अक्षर कळलं नाही. पण त्या सगळ्या वेळात मला माझ्याबद्दल एकदाही बोलावं लागलं नाही. एवढी माया मला आयुष्यात दुसऱ्या कुणी केली नाही. नंतर तूच मला शिकवलंस, शाळेत लावलंस, आणि कधी ऐकवायचंही सोडलं नाहीस.

आणि आता तो आठवडा. तो मी टाळणार होते.

ताप आतड्यात उतरला असं डॉक्टर म्हणाले. आतडं फाटायच्या बेताला आलंय, पोटात काही जाता कामा नये, पाणीसुद्धा नाही, ओठ तेवढे ओले करा. बाहेर वैशाख भाजत होता. तू पाणी मागायला लागलास. आधी हुकूम केल्यासारखा, मग समजावल्यासारखा, मग लहान पोरासारखा. मी ओलं फडकं ओठांना लावायची, तर तू ते दातात धरून चोखायला बघायचास आणि मला ते ओढून काढावं लागायचं. भावाच्या तोंडातून पाणी ओढून काढलेली बहीण मी.

काका तार मिळताच आले होते. त्यांना बघवेना. "पोरी, जानाऱ्या जिवाला पानी न्हाय म्हनू नगंस. घाल की घोटभर."

"तो जाणारा नाही," मी म्हटलं. "घातलं तर जाईल."

तू डोळे उघडलेस. तुला ऐकू येत होतं. म्हणालास, "मोगऱ्याला घालायचीस... तसं घाल की गं."

आणि मी म्हटलं, "मोगरा उपटला कोणी? एक थेंबही मिळणार नाही."

तुझेच शब्द होते ते, तुझ्याच सुरात. बोलताना मला आत कुठेतरी बरं वाटलं, हेही सांगून टाकते. खोटं बोलायला कचेरीतले लोक आहेतच. तू माझ्याकडे बघत राहिलास. ओठ जरा हलले. हसलास, की नुसते कोरडे पडून ओढले गेले, ते मला कळलं नाही, आणि आता कळायचंही नाही. तेच आपलं शेवटचं बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं भिजवायला वळले तेवढ्यात तू गेलास. मल्लम्मा म्हणाली, "अक्का, तोंडात पाणी घाला." मी चमचा लावला. पाणी तोंडाच्या कडेनं बाहेर आलं आणि उशीत जिरलं.

त्यानंतर पाण्याला तोटा नव्हता! जो माणूस एका घोटासाठी फडकं चोखत होता, त्याला बादल्यांनी आंघोळ घातली. मागच्या कोपऱ्याला भिंतीची सावली पडते म्हणून तिथेच घातली. स्मशानातून परत आलेली माणसं तिथेच बसून डोक्यावर पाणी ओतून घेत होती. समाचाराला येणारा जाणारा तिथेच पाय धुवत होता. आणि काका! त्यांच्या गावात विहिरीनं तळ गाठलाय. इथे नळ बघून म्हातारा वेडा झाला. "तोटी पिळली की पानी! लई मोठं शहर बघा तुमचं!" सकाळी आंघोळ, दुपारी उकडतं म्हणून आंघोळ, संध्याकाळी पिंडाचं आवरून आले की आंघोळ. त्याच कोपऱ्याला धुण्याचा दगड ओढून त्याच्यावर बसायचे आणि पाण्याचा धबधबा लावायचे. आंघोळ झाली की भिंतीला थापट मारायचे. "पडनार बघ ही." मला उठून सांगावंसं वाटायचं, काका, तिथे पाणी नको, दादाला चालायचं नाही. मग मनात म्हटलं, पडू दे. ज्याला चालायचं नाही तो गेला. पडू दे एकदाची.

लग्न झालेल्या बहिणीला भावाचं सुतक पूर्ण नसतं, असं कुणीतरी शहाणपण शिकवायला आलं. मी म्हटलं, मला टाकली तेव्हा गोत्रासकट टाकली, मी दहा दिवस धरणार. दहा दिवस केसांना फणी लावली नाही. काल तुझा दहावा झाला. कावळ्यानं पिंडाला लगेच चोच लावली म्हणून काका समाधानानं आले. मला त्या कावळ्याचा राग आला. पाणी पाणी करत गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली नव्हती, हे त्याला कुणी सांगितलं?

आज सकाळी मी डोक्यावरून आंघोळ केली. ओले केस पाठीवर घेऊन मागच्या खोलीत आले आणि सवयीनं फटीतल्या फणीला हात घातला.

ती निघेना.

मला वाटलं, कुठे अडकली असेल. बोटानं हलवली. जागची हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा कडकड वाजून तिचे दात तुटले आणि अर्धी फणी माझ्या हातात आली. उरलेली भिंतीत. मग मी दिवा आणून फट बघितली, खिडकीपासून खाली जोत्यापर्यंत. तू लावलेल्या तडकलेल्या काचांच्या कडा एकमेकींवर चढल्या होत्या. वर जिथे माझं बोट जायचं तिथे नखही जात नव्हतं.

मी खाली बसले, दादा. तू बसायचास तशीच, उकिडवी.

तूच मला शिकवलेलं सगळं पोळपाटावर मांडल्यासारखं समोर आलं. माती वाळली की आखडते. मोगरा काढलास, पाणी तोडलंस, त्या कोपऱ्याखालची माती दर उन्हाळ्यात आखडत गेली आणि भिंत तिच्याबरोबर खाली बसत गेली. पावसाळ्यात मिटायची ती कोरडं ठेवल्यानं नव्हे, चार थेंब चुकून पोचायचे म्हणून. पहिल्या पावसाळ्यानंतर आलेली ती केसाएवढी चीर घर जागेवर बसतानाची असेल. प्रत्येक घराला येते तशी. ती तशीच राहिली असती. मोगऱ्याला घातलेला माझा रोजचा तांब्याभर पाण्याचा रतीब तुझं घर सांभाळत होता, आणि तू तो मुळासकट कुंपणाबाहेर टाकलास. काळीला रोज थोडं पाणी हवं होतं, दादा. एवढंच. इतकी माती वळवून घेतलीस माझ्याकडून, आणि हे तुला कळलं नाही.

मलाही माहीत नव्हतं. मी माझ्या फुलांसाठी भांडत होते, भिंतीसाठी नाही. पण वाद माझा खरा ठरला, आणि सिद्ध कशानं झाला, तर तुझ्या मढ्याला घातलेल्या पाण्यानं.

मी तुटकी फणी हातात घेऊन घरभर फिरले. तुझ्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ओठांवर आलेलं होतं, "उठ, बघ ये, मातीखाऊ!" आत नुसती गादी गुंडाळून ठेवलेली होती. पंधरा वर्षं मी ज्या घटकेची वाट बघितली, तू मान खाली घालून 'चुकलं' म्हणायची, ती आली तेव्हा तू नाहीस. यापेक्षा दुष्टपणा तू जिवंतपणी कधी केला नव्हतास. जिंकल्याचं असं वाईट वाटतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा मी रडले. मल्लम्माचा माग थांबला आणि ती नेहमीसारखी धावत आली. आज इथे खरोखरच भांडण नव्हतं.

काकांना भिंत दाखवली. त्यांनी हात फिरवला, भिंतीत राहिलेले फणीचे दात चाचपले, पुन्हा हात फिरवला. "आयला. मिटली की गं."

"तुमच्या आंघोळींनी मिटली."

"व्हय? मग तेराव्यानंतर आनि दोन दिस ऱ्हातो की," म्हातारा म्हणाला. मग माझ्या हातातल्या तुटक्या फणीकडे बघितलं. "येत न्हाईस म्हनायचं तू."

"नाही येत."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. तुझ्याच घराण्यातले.

संध्याकाळी मल्लम्मानं तिच्या दारच्या मोगऱ्याची एक फांदी आणून दिली. तू ठोकलेला मुरूम मी खुरप्यानं उकरला. काकांनी ओतलेलं सगळं पाणी भोवतालच्या भेगांतून खाली गेलं होतं. मुरमाखालची माती मात्र दगडासारखी, उभी आडवी चिरफाळलेली. फांदी लावायच्या आधी मी तांब्या भरून आणला आणि एका भेगेच्या तोंडाशी धार धरली. काळी भेगाळलेली असली की पाणी तिच्यात घटघट उतरतं. तहानलेला माणूस पितो तसा आवाज येतो. तो तुला माहीत असेलच. मी तांब्या रिकामा होईपर्यंत तो ऐकला, आणि मग दुसरा भरून आणला.